तटाआडची राजधानी

नेपाळमधल्या मुस्तांगमध्ये लो मांथांग नावाचं तटबंदीचं शहर आहे. परदेशी ट्रेकर्ससाठी ते १९९२ साली खुलं झालं. अशा हिमालयन ट्रेकसाठी ऑफिसात कुणी ना कुणी सुट्ट्या साठवत असतंच. जरूर जा! पण त्याआधी एक शनिवार काढा. तटाआड वसलेली एक राजधानी पुण्यापासून जेमतेम साठेक किलोमीटरवर आहे. राजगड!

भोर तालुक्यातलं नसरापूर ओलांडून वेल्ह्याच्या रस्त्याला लागायचं आणि मार्गासनीहून गुंजवणे गाठायचं. इथून चोरदरवाज्याची वाट खड्या चढाची, दोन-अडीच तासांची. दम कमी असेल तर पाली गावाकडून जा. पायऱ्यांचा तो जुना राजमार्ग.

वर पोचलात की फोटो काढून लगेच उतरू नका. बहुतेक ग्रुप नेमकं हेच करतात. गड चढतात, शहर बघायचं राहूनच जातं. शिवाजी महाराजांचा कारभार जवळपास पंचवीस वर्षं इथून चालला. पद्मावती माचीवर तलाव, देऊळ आणि वाड्यांची जोती आहेत. म्हणजे इथे माणसं राहत होती, पाणी भरत होती, चुली पेटत होत्या. इथेच सईबाईंची समाधी आहे. १६५९च्या सप्टेंबरमध्ये त्या गडावरच गेल्या, तेव्हा संभाजीराजे अवघे दोन वर्षांचे. त्यानंतर दोनच महिन्यांत प्रतापगडाखाली अफझलखानाची भेट झाली. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन प्रसंग वेगवेगळ्या पानांवर असतात. इथे उभं राहिलं की कळतं, ते एकाच घरातले होते.

मग संजीवनी माचीकडे चाला. तिथली दुहेरी तटबंदी बघताना मान आपोआप वाकते. दोन भिंतींमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढीच वाट आणि समोर तोरणा. सुवेळा माचीवर कातळाला आरपार पडलेलं भोक, म्हणजे नेढं. तिथला वारा अफलातून! बालेकिल्ल्याचा चढ मात्र अंगावर येतो. पावसाळ्यात तिथे हिरोगिरी नको.

जुलै २०२५मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून राजगडही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता गर्दी वाढणार. पण यादीत नाव लागलं म्हणून भिंत टिकत नाही. तटावर चढून केलेल्या एका पोझसाठी सुटा झालेला दगड पुन्हा आपल्या जागी बसत नाही. तलावात टाकलेली बाटली कुणाला तरी उतरून काढावी लागते.

तेव्हा तीन लिटर पाणी, टोपी आणि पूर्ण दिवस घेऊन निघा. मुक्काम पायथ्याच्या गावातच करा. गावातल्या मावशींकडचं ताक प्या, घासाघीस न करता. ते डोक्यावरून एवढा चढ चढून आलेलं असतं. आणि रिकामी बाटली सॅकमध्ये, बरं का!