लक्ष्मा गौड यांची बोकडी

माझी थोरली बहीण इंदूरला दिलेली. यंदा रजा काढून तिच्याकडे गेलो होतो. भावोजींचं काही काम निघालं म्हणून त्यांच्यासोबत देवास जिल्ह्यातल्या सतवास गावी जाणं झालं. ते कामात गुंतले आणि मी बाजारात रेंगाळलो. एका झाडाखाली एक म्हातारी बाई शेळी घेऊन बसली होती. दोरी सैल सोडलेली, हात मात्र शेळीच्या मानेवर. गिऱ्हाईक भाव विचारत होतं, बाई बोलत होती आणि शेळी सरळ माझ्याकडे बघत होती.

ही नजर ओळखीची होती. पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत एका पुस्तकात ती पाहिली होती, लक्ष्मा गौड यांच्या मुद्राचित्रांत.

गौड यांचा जन्म १९४०चा, तेलंगणातल्या मेदक जिल्ह्यातल्या निजामपूरचा. हैदराबादेत शिकून १९६३ मध्ये ते बडोद्याला गेले, के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली. परत आल्यावर त्यांनी आपल्या गावाचीच चित्रं काढली. माणसं, झाडं आणि शेळ्या. या शेळ्या शोभेला उभ्या नसतात. बाईच्या खांद्याला खांदा लावून असतात, कधी माणसापेक्षा जास्त जाणत्या दिसतात. काही चित्रांतला शृंगार इतका उघडा की मी लायब्ररीत इकडेतिकडे बघून पान उलटलं होतं, खोटं कशाला सांगू! पुढे हैदराबाद विद्यापीठाच्या सरोजिनी नायडू कलाशाळेत त्यांनी शिकवलं, तिचे प्रमुखही झाले. २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या गोव्याचा विराज नाईक त्याच शाळेत मुद्राचित्रण शिकून आला. त्याच्या चित्रांत तर माणूस कुठे संपतो आणि जनावर कुठे सुरू होतं तेच कळत नाही.

या एचिंगची रीत मला फार आवडते. धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईने त्यावर ओरखडे काढायचे आणि पत्रा आम्लात सोडायचा. जिथे थर गेला तिथेच आम्ल खातं. जितका वेळ ठेवाल तितकी रेघ खोल, तितकी काळी. मग शाई भरून वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. चित्र उलटं उमटतं. आमच्या कचेरीतला रबरी शिक्काही उलटाच कोरलेला असतो, पण त्याच्याकडे मी कधी असं बघितलं नव्हतं. गौड यांच्या शेळीच्या अंगावरचा केसन् केस असा आम्लाने खाल्लेला आहे.

आमच्याकडेही एक बोकडी होती. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि फी भरायची होती. एका शुक्रवारी आई तिला घेऊन म्हापशाच्या बाजारात गेली, दुपारी एकटीच परतली. पदराची गाठ सोडून नोटा माझ्या हातावर ठेवल्या आणि चूल पेटवायला गेली. मी त्या मोजल्या. बोकडी कुणी घेतली, विचारलं नाही. त्या पदवीवरच पुढे नोकरी लागली. दर महिन्याला पगार घेतो, पण बोकडीची गोष्ट बायकोलासुद्धा कधी सांगितली नव्हती.

सतवासला सौदा जमला. गिऱ्हाइकाने दोरी हातात घेतली तरी म्हातारीचा हात मानेवर तसाच होता. मी तिथून निघालो, भावोजींना शोधत.

रात्री इंदूरहून आईला फोन लावला. जेवणखाण, पाऊस, गुडघे, सगळं विचारून झालं. मग म्हटलं, "आई, त्या आपल्या बोकडीचं नाव काय गं होतं?"

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "नांव कित्याक? 'यो गो' म्हटलें काय येताली."

आणि लगेच विचारलं, "तूं जेवलो मरे?"