गौण वाक्यात मोडलेले राज्य

नॉर्वेशी माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाचा संबंध तो काय? वर्गात ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या १९३३ सालच्या नाटकावर बोलताना, वर्तकांनी ते ब्यर्नसन नावाच्या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवरून रचले, एवढे एक वाक्य मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. पुढे ब्यर्नसन राहिला बाजूला आणि माझा पुतण्या श्रीरंग नोकरीच्या निमित्ताने ऑस्लोला जाऊन पोचला. ‘काका, सुट्टी आहे तोवर या,’ असे त्याचे तीन वर्षांचे टुमणे होते. मी टाळत होतो, त्याला कारण होते. श्रीरंग माझ्या थोरल्या भावाचा मुलगा; आणि दादाशी मी सात वर्षे बोललेलो नाही.

शेवटी गेलो. जूनचा पहिला आठवडा. रात्री अकराला खिडकीबाहेर आपल्याकडची दिवेलागणीची वेळ असावी तसा उजेड! झोप अशी येईना. सात तारखेला सकाळी फिरायला बाहेर पडलो, तर सरकारी इमारतींवर झेंडे लागलेले. तांबडा झेंडा, त्यावर पांढऱ्या काठाचा निळा क्रूस. मी श्रीरंगला विचारले, “आज यांचा स्वातंत्र्यदिन की काय?”

“नाही काका, यांचा मोठा सण सतरा मेला असतो. आज १९०५ ची आठवण. चला, दाखवतो.”

आणि मग त्या दिवशी एका वर्षाच्या मागे आम्ही अख्खे ऑस्लो पालथे घातले.

कार्ल योहान हा इथला राजरस्ता. एका टोकाकडे स्टोर्टिंग, म्हणजे त्यांची लोकसभा, आणि दुसऱ्या टोकाला टेकाडावर राजवाडा. संसद आणि राजा एकमेकांकडे टक लावून बसले आहेत, असे वाटते. मधोमध राष्ट्रीय नाट्यगृह आणि त्यापुढे दोन पुतळे. मान खाली घालून विचारात पडलेला तो इब्सेन, आणि छाती काढून उभा असलेला तो आमचा ब्यर्नसन. वाचकहो, ज्याचे नाव वीस वर्षे फळ्यावर खडूने लिहिले, तो असा उन्हात भेटल्यावर मला अगदी ओळखीचा माणूस भेटल्यासारखे झाले.

आता त्या १९०५ ची हकीकत. १८१४ साली, नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमीत, डेन्मार्कच्या हातून नॉर्वे निसटला आणि स्वीडनच्या पदरात पडला. मधल्या काही महिन्यांत नॉर्वेच्या लोकांनी सतरा मे रोजी स्वतःची राज्यघटना करून टाकली. ती स्वीडनने थोड्या फेरफारांनिशी मान्य केली. म्हणजे लोकसभा वेगळी, कायदे वेगळे. राजा मात्र एक, आणि परराष्ट्रव्यवहार स्वीडनच्या हाती. एका छपराखाली दोन चुली! नव्वद वर्षे हे चालले. भांडण पेटले ते वाणिज्य दूतांवरून. नॉर्वेची गलबते जगभर हिंडत. परक्या बंदरात खलाशी अडला तर त्याने दाद मागायची ती संयुक्त दूताकडे, आणि त्याचा कारभार स्टॉकहोमातून. नॉर्वेच्या लोकसभेने आपले दूत आपण नेमण्याचा कायदा केला. २७ मे १९०५ ला राजे दुसरे ऑस्कर यांनी त्यावर सही नाकारली. मंत्र्यांनी राजीनामे दिले. राजा म्हणाला, दुसरे मंत्रिमंडळ मला सध्या बनवता येत नाही, म्हणून राजीनामे घेत नाही.

पंतप्रधान होता मिकेलसेन, बर्गेनचा जहाजमालक आणि वकील. त्याने हेच वाक्य पकडले. घटनेप्रमाणे राजाने मंत्रिमंडळ दिले पाहिजे. ते देता येत नाही असे तो स्वतःच म्हणतो. सबब त्याचे राजेपण थांबले. आणि दोन देशांना जोडणारा दुवा राजाच, म्हणून जोडही सुटली! ७ जूनला स्टोर्टिंगने ठराव एकमताने मंजूर केला. त्यात ‘आम्ही संबंध तोडतो’ असे प्रधान वाक्य कुठेच नाही. मंत्र्यांनी कारभार तूर्त चालू ठेवावा, हे प्रधान वाक्य. राजाने राजेपण चालवणे थांबवल्यामुळे जोड संपली आहे, हे शेपटाकडच्या गौण वाक्यात, जाता जाता! आणि त्याच दिवशी राजाला विनंती, की आपल्याच घराण्यातला एखादा राजपुत्र आमच्या गादीवर बसवावा. तोडणे आणि हात पुढे करणे एकाच दिवशी.

व्याकरण शिकवण्यात ज्याची हयात चालली आहे, त्याला याचे केवढे कौतुक वाटावे! परंतु वाचकहो, मला कौतुकाआधी दुसरेच काही वाटले. सात वर्षांपूर्वी गुहागरजवळच्या आमच्या घराची वाटणी झाली, तेव्हा दादाला पाठवायच्या नोटिशीचा वकिलाने केलेला मसुदा मी हौसेने सुधारला होता. ‘उभयतांमधील सर्व संबंध आजपासून संपुष्टात आले आहेत’ हे वाक्य मी अगदी आरंभी घातले. प्रधान वाक्य, पूर्णविरामासकट. मराठी मात्र निर्दोष!

संध्याकाळी मृदुलाने, म्हणजे सूनबाईने, पिठले-भात केला. जेवताना श्रीरंग पुढचे सांगू लागला. स्वीडनकडून मागणी येणार, की हे जनतेचे मत आहे कशावरून? तिचा सुगावा लागताच नॉर्वेने १३ ऑगस्टला मतदानच घेतले. फारकतीच्या बाजूने ३,६८,२०८ आणि विरुद्ध अवघी १८४ मते! बायकांना मत नव्हते. त्यांनी घरोघर हिंडून अडीच लाखांच्या आसपास सह्या जमवल्या. “आणि १९१३ मध्ये मत मिळवलं,” मृदुला वाढता वाढता म्हणाली. “तुमचं दोघांचं राहूनच जातं ते सांगायचं.”

मला राहून राहून वाटत होते, त्याच १९०५ सालच्या १६ ऑक्टोबरला आमच्याकडे बंगालची फाळणी अमलात आली. तिथे कुणाला विचारले होते? पुण्यात विलायती कापडाची होळी पेटली ती त्याच महिन्यात. एका वर्षात दोन फाळण्या. एक विचारून केलेली टिकली, दुसरी न विचारता लादलेली १९११ साली मागे घ्यावी लागली.

पण मतपेटीने सारे मिटले नव्हते. सप्टेंबरात दोन्हीकडचे सैन्य सरहद्दीवर होते. स्वीडनमधील कार्ल्सटाड या गावी वाटाघाटी चालल्या होत्या आणि त्या मोडतात की काय, असा प्रसंग आला होता. ती सरहद्द पाहण्याचा मी हट्ट धरला. रविवारी श्रीरंगने गाडी काढली.

वाटेत कोंग्सव्हिंगरचा जुना किल्ला लागला. कार्ल्सटाडच्या करारात नॉर्वेने सरहद्दीवरची नवी ठाणी पाडायची असे ठरले. हा म्हातारा किल्ला मात्र राखू दिला. २३ सप्टेंबरला तडजोड झाली. तिच्या अटी ऐकण्यासारख्या आहेत. सरहद्दीलगत निर्लष्करी पट्टा. पुढचे तंटे हेगच्या लवादापुढे. सामी लोकांच्या रेनडिअरांच्या कळपांना पलीकडच्या कुरणात जाण्याची मोकळीक. आणि दोघांच्या हद्दीतून वाहणाऱ्या पाण्याविषयी समजूत. राज्ये तोडतानाही त्यांनी जनावरांची वाट आणि पाणी यांचा विचार केला! २६ ऑक्टोबरला ऑस्करने नॉर्वेच्या गादीवरचा हक्क सोडला, पण आपल्या घराण्यातला राजपुत्र द्यायचे नाकारले. मग डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल याला विचारणा झाली. तो म्हणाला, लोकांना राजा हवा आहे का, ते आधी विचारा. पुन्हा मतदान, २,५९,५६३ विरुद्ध ६९,२६४. २५ नोव्हेंबरला पडत्या बर्फात तो हाकोन सातवा होऊन राजधानीत उतरला, तेव्हा कडेवर दोन वर्षांचे पोर होते. तेच पुढे राजा ओलाव झाले.

सरहद्दीवर मोरोकुलिएन नावाचे ठिकाण आहे. नॉर्वेजियन भाषेत ‘मोरो’ म्हणजे मौज, आणि स्वीडिश भाषेत ‘कुल’ म्हणजेही मौज. दोघांची मौज एकत्र करून हे नाव झाले आहे. पारपत्र कुणी मागितले नाही. झाडांमध्ये ग्रॅनाइटचा उंच स्तंभ; त्यावर दोन पुरुष एकमेकांचा हात धरण्यासाठी वाकलेले. १६ ऑगस्ट १९१४ ला त्याचे अनावरण झाले, तेव्हा पहिले महायुद्ध सुरू होऊन जेमतेम पंधरवडा उलटला होता. सारा युरोप एकमेकांवर तुटून पडला असताना हे दोन शेजारी शांततेचा स्तंभ उभारत होते.

मी स्तंभाशी बराच वेळ उभा होतो. आमच्या वाटणीत विहीर माझ्या भागात आली. मी चिऱ्यांचा गडगा घातला आणि दादाच्या पडवीतून विहिरीकडे जाणारी जुनी वाट बंद झाली. कागदोपत्री माझे काहीच चुकले नव्हते. पासष्टीची वहिनी मात्र तेव्हापासून पाखाडीने वळसा घालून दुसऱ्यांच्या विहिरीवर जाते. हे मला ठाऊक होते. माझ्या मिश्र वाक्यात तिला गौण वाक्याचीही जागा नव्हती.

“श्रीरंग,” मी म्हणालो, “दादाला फोन लाव.”

त्याने माझ्याकडे पाहिले, काही विचारले नाही, आणि लावला. “बाबा, काका बोलतायत,” एवढे म्हणून फोन माझ्या हाती दिला आणि स्वतः गाडीकडे निघून गेला. पलीकडे नुसती शांतता. मागे कावळ्यांचा आवाज आणि पावसाची धार ऐकू येत होती. काय बोलावे याची मनात इतकी जुळवाजुळव केली होती, पण एकही वाक्य सापडेना.

“दादा,” मी म्हटले, “आल्यावर गड्याला बोलावून गडग्याला बेडे ठेवतो. विहिरीकडचे.”

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पावसाळ्यात चिरे हलवू नको. दिवाळीला ये, मग बघू.” आणि जरा थांबून, “थंडी आहे का रे तिकडे? कानटोपी नेलीस ना?”

भर उन्हात मी उभा होतो. “नेली आहे,” म्हटले.