उपचार संपतात तेव्हा

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन मोठ्या रुग्णालयात होते. आमच्यासारख्या एमबीबीएस फॅमिली डॉक्टरकडे ती स्त्री परत येते, ती हे सारे आटोपल्यावर. तेव्हा आपले काम फारसे उरलेले नाही, असे मी बरीच वर्षे समजत होतो. हा समज एका शिक्षिकेने दूर केला.

बाईंचे उपचार पूर्ण होऊन दीड वर्ष झाले होते. केस वाढले होते, शाळा सुरू झाली होती. तरीही छातीत धडधड आणि निद्रानाश या तक्रारी घेऊन त्या अधूनमधून येत. मी ईसीजी काढी आणि म्हणे, "सगळं नॉर्मल आहे, बाई. आता तो आजार विसरून जा." पुढे त्या यायच्या थांबल्या. मला वाटले, गुण आला.

आठ महिन्यांनी त्या सर्दीसाठी आल्या. रक्तदाब पाहण्यासाठी मी डाव्या दंडाला पट्टा गुंडाळू लागलो, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, या हाताला नको. काखेतल्या गाठी याच बाजूच्या काढल्यात." मी वरमलो. त्यांना विसरायला सांगणारा मी स्वतःच विसरलो होतो. क्षमा मागून मी विचारले, "बाई, खरं सांगा, कशा आहात?"

त्या पंधरा मिनिटे बोलल्या. तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. पाठ दुखली तरी मनात तोच विचार येतो. आरशात पाहणे त्यांनी सोडले होते. पतीसमोर त्या कपडे बदलत नसत. घरात काही बोलावे तर उत्तर ठरलेले, "आता बरी झालीस ना? मग वाईट विचार कशाला?" शेवटी म्हणाल्या, "उपचार चालू होते तेव्हा सगळे सोबत होते. ते संपले आणि मी एकटी पडले."

त्या गेल्यावर मी जुने केसपेपर काढले. धडधडीच्या बहुतेक भेटी तपासणीच्या आधीच्या आठवड्यातल्या होत्या.

आजार उलटण्याची ही भीती फार जणींना वाटते; तो मनाचा दुबळेपणा नव्हे. काही त्रास औषधांचाही असतो. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या गोळ्या पाच वर्षे, कधी त्याहून अधिक काळ घ्याव्या लागतात. त्यांनी अंगातून वाफा येतात, झोप मोडते, सांधे दुखतात. म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. नैराश्यावरची पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन ही औषधे टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात. पर्यायी औषधे आहेत. तेव्हा चालू गोळ्यांची यादी प्रत्येक डॉक्टरांना दाखवावी.

दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. 'टेलि-मानस'चा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि अहोरात्र चालू असतो.

बाईंसोबत आम्ही एक साधा नियम ठरवला. नवे दुखणे आले की तारीख वहीत लिहायची. दोन आठवड्यांत गेले नाही, किंवा वाढत गेले, तर दाखवायचे. गाठ हाताला लागली, तर मात्र एक दिवसही थांबायचे नाही. पुढच्या भेटीला मी त्यांच्या यजमानांनाही बोलावले. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "विषय काढला तर हिला त्रास होईल, म्हणून मी बोलत नव्हतो." बाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या.

तपासणीच्या आदल्या रात्री बाईंना आजही झोप लागत नाही. परंतु आता यजमानही जागे राहतात, मध्यरात्री चहा करतात.

आपल्या घरात कोणी या आजारातून उठले असेल, तर तिला "विसर" म्हणू नका. "कशाची भीती वाटते?" एवढे विचारा आणि उत्तर पुरते ऐकून घ्या. मला ते फार उशिरा सुचले.