घाटातला तिसरा

आमच्या छोट्या हत्तीचं इंजिन सीटखाली आहे. त्यामुळे दिवे घाट चढताना गाडीचं काय चाललंय ते आधी मांडीला कळतं, मग कानाला आणि सगळ्यात शेवटी काट्याला. वडकी सोडताना सीट कोमट असते. खाली मस्तानी तलाव दिसायला लागला की चटका जाणवतो. मागे एखादी एसटी दम खात हॉर्न मारत असते, आणि मी दुसऱ्या गिअरात, डाव्या कडेला, जमेल तेवढी जागा देत. गाडी घरात येऊन इतकी वर्षं झाली. एसटीचे ड्रायव्हर बदलले, हॉर्न तोच.

2007 साली अण्णांनी ही गाडी घेतली तेव्हा मी नववीत होते. त्याआधी आमचे अंजीर गावातल्या एका टेम्पोतून मार्केट यार्डात जायचे. टेम्पो भरल्याशिवाय सुटायचा नाही. अंजीर म्हणजे तोडल्यावर दीड-दोन दिवसांचा पाहुणा. पेरूसारखा तो घरात पिकत बसत नाही. तोडला तेव्हा जेवढा गोड, तेवढाच गोड, नंतर फक्त मऊ. टेम्पोवाल्याची वाट बघत अंगणात पाट्या मोजणारे अण्णा मला अजून दिसतात.

टाटांची एस, म्हणजेच हा छोटा हत्ती, 2005 च्या मे महिन्यात बाजारात आली. पुण्यातच, गिरीश वाघ यांच्या चमूने ती घडवली. गाडी आखण्याआधी ही माणसं तीनचाकीवाल्यांशी बोलत हिंडली, तेव्हा एका पोराने ‘चारचाकी असली तर लग्न लवकर जमेल’ असं सांगितलं म्हणे. ही गोष्ट मी वाचली तेव्हा हसले नाही, कारण आमच्या एका चुलत काकांचं तसंच जमलं.

702 सीसी, दोन सिलिंडर, चार गिअर, 16 हॉर्सपॉवर. आज हडपसरला माझ्या ऑफिसबाहेर उभ्या असलेल्या कितीतरी मोटरसायकली याहून ताकदवान आहेत. पण तेव्हा आमच्या दारात सोळा घोडे उभे होते, आणि घरातल्या प्रत्येकाला त्यात भर घालायची होती.

पहिली भर वेल्डिंगवाल्याकडे पडली. केबिनवर लोखंडी कॅरिअर, हौद्यात जाड चौकटीचा पत्रा, फाळक्याला अँगल, बाजूंना जाळी. गाडी कशी भरदार दिसायला लागली. मग कुणीतरी सांगितलं, मागच्या कमानीत एक पाटा वाढवा, माल जास्त बसेल. पाटा वाढला. माल बसलाही. पण रिकामी किंवा अर्धी भरलेली गाडी आता खड्ड्यावरून दगडासारखी उडायला लागली. मधली कागदाची घडी कितीही जाड ठेवली तरी खालच्या थरातले अंजीर यार्डात पोचेपर्यंत चिरायचे. आडत्या पाटी तिरकी करायचा, कोपऱ्यातून पाक गळायचा, आणि काही न बोलता तो भाव पाडायचा. सिमेंट वाहणाऱ्याला जो पाटा कमाई देतो तो अंजीरवाल्याच्या मुळावर येतो, हे कळायला आम्हाला एक अख्खा बहार लागला. पाटा काढला. वेल्डिंगवाल्याचं लोखंड मात्र राहिलं, कारण ते दिसायला चांगलं होतं.

घाट उतरताना माल असतो अंजिराचा, म्हणजे तसा हलका. खरी कसोटी परतीची. पुण्याहून सरकी पेंड, किराणा, कधी खताची पोती. पालखीच्या रथाची कसोटीही याच दिशेला असते. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते तेव्हा दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. आमच्या आबांना त्या बैलांचं भारी वेड. ते वडकीच्या अलीकडे कडेला बसून जोड्या बघायचे, माणसं नंतर. ‘जादा बैल जुंपणं सोपं असतंय,’ ते म्हणायचे, ‘पाऊल एक पडलं पायजे. न्हाईतर म्होरचा वढतो आन मागचा भरडतो.’

अण्णांनी यातलं ‘जादा बैल जुंपणं सोपं’ एवढंच उचललं असावं. एका गॅरेजात त्यांनी पंप वाढवून घेतला. वाढवून घेतला म्हणजे सील तोडून एक स्क्रू अर्धा आटा फिरवला, की प्रत्येक दणक्याला डिझेल जास्त पडतं. पंधरा दिवस अण्णा खुशीत होते. गाडी खरोखर झपकन उचलायची. मागे बघितलं तर काळा पडदा.

त्या धुराचं गणित मला फार उशिरा कळलं. एक किलो डिझेल नीट जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. या इंजिनाला टर्बो नाही. सिलिंडर जेवढा श्वास घेतील तेवढीच हवा, तीन हजार फेऱ्यांना मिनिटाला हजारएक लिटर, त्याहून थेंबभर जास्त नाही. स्क्रू फिरवून जेवण वाढवता येतं, छाती वाढवता येत नाही. उरलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं आणि इंजिन तापतं.

मे महिन्यात, पेंडीची पोती घेऊन येताना, घाटाच्या मध्यावर पाणी उकळलं. चाकांमागे दगड लावून आम्ही दोघं कठड्यावर बसलो. पुढून वाफ, खाली तलाव, त्यात पाणी नावालाच. जादा बैल घाटमाथ्यावर सोडतात, आमच्या स्क्रूला तशी सोय नव्हती. त्या उन्हाळ्यात हेड गॅसकेट गेलं आणि अंजिराच्या पट्टीतले बरेच पैसे घेऊन गेलं.

मग गाडी सासवडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेली. त्यांनी आधी पंप जागेवर आणला. अण्णांनी चाचरत विचारलं, ‘मिस्त्री, मग ताकद?’ मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. मागचा एक्सल जॅकवर घेतला, गिअर न्यूट्रल केला, हँडब्रेक सोडला, आणि मला म्हणाले, ‘पोरी, हे चाक फिरव.’ मी दोन्ही हातांनी जोर लावून फिरवलं. अर्धा फेरा झाला आणि घसटल्याचा आवाज करत ते थांबलं. ‘आता तिकडचं.’ तिकडचं मजेत फिरत राहिलं. कधीपासून कोण जाणे, आम्ही एका चाकाचा ब्रेक अर्धवट दाबून घाट चढत होतो.

ड्रम उघडला तर आत चिखलाची पूड आणि चिकटलेला सिलिंडर. एअर फिल्टरचा कागद त्यांनी उन्हाकडे धरला. पलीकडचं काही दिसेना. सायलेन्सर खाली घेऊन ठोकला, पाटीभर काजळी पडली. दोन नोझलांपैकी एक फवारा मारत होतं, दुसरं नुसतं शिंकत होतं. टॅपेट सेट केले, चारही टायरांत हवा कमी होती ती भरली. यातली एकही गोष्ट नवीन बसवलेली नव्हती, फिल्टर आणि ब्रेकचं रबर सोडलं तर. पण संध्याकाळी गाडी चालवून आलेले अण्णा काही बोलेनात. चहा गार झाला तरी कप हातातच.

‘आता ते वरचे दागिने काढा,’ मिस्त्री म्हणाले.

कॅरिअर, पत्रा, अँगल, जाळी, आणि हौद्यात नेहमी पडून असलेली दुसरी स्टेपनी, साखळदंड आणि ‘असू दे’ म्हणून ठेवलेला एक जुना जॅक. अण्णांचा जीव जाळीवर होता, तिच्यात त्यांनी आबांचं नाव पत्र्यात कापून बसवलं होतं. ती अजून गोठ्याच्या दाराला आहे. वजनकाट्यावर आधीची आणि नंतरची पावती शेजारी ठेवली तर एकशेतीस किलोंचा फरक.

माझं काम हिशोबाचं, त्यामुळे पुढे एका रविवारी मी हा फरक घोड्यांत मांडला. बारा फुटांना एक फूट असा चढ धरला आणि ताशी 30 किलोमीटरचा वेग, तर शंभर किलो वर न्यायला, चाकांचं घर्षण धरून, जवळजवळ एक हॉर्सपॉवर लागते. म्हणजे आम्ही सोळातले सव्वा घोडे नुसती नक्षी वाहायला लावले होते. पंपाच्या स्क्रूकडून जे मागितलं ते वेल्डिंगवाल्याच्या लोखंडात अडकून पडलं होतं. मोठे टायर घालायचा चुलतभावाचा सल्लाही मी त्याच कागदावर निकालात काढला. चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर तेवढाच लांबतो, सपाटीला बरं वाटतं आणि घाटात ओढ कमी पडते.

अण्णांनी आता गाडी माझ्या हाती दिलीय. गुडघे चढ-उतार करू देत नाहीत, आणि क्लच तर नाहीच. शनिवारी रात्री मी अंजीर घेऊन उतरते, दुसऱ्या गिअरात, न्यूट्रल न करता, ब्रेकवर नुसता पाय ठेवून. रविवारी दुपारी चढते. वर झेंडेवाडीला पोचले की फोन वाजतो. सुखरूप पोचलीस का, हे ते विचारत नाहीत. तलाव मागे पडल्यावर एक बरं लांब, जरा कमी चढाचं वळण आहे. तिथे गाडी ठीक असेल तर तिसरा पडतो, आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली येतो, ओझं उतरवल्यासारखा.

‘पडला का तिसरा?’

‘नाही, अण्णा.’

पलीकडे थोडा वेळ शांतता.

‘फिल्टर बघितला होतास?’

‘शुक्रवारीच बदलला.’

‘हवा?’

‘भरली.’

‘पोती किती आहेत?’

‘बारा.’

‘मग दहाच आणायची,’ अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.