संशयाचा फायदा

खारघर-तळोजा भागात राहणाऱ्या माणसाला तुरुंग हा काही दूरचा शब्द वाटत नाही. तळोजा मध्यवर्ती कारागृह आमच्या वस्तीला लागूनच आहे. मुलाखतीसाठी आलेल्या बुरख्यातल्या अम्मी, डोक्यावर पदर घेतलेल्या खेड्यातल्या बाया, हातात आधारकार्डाची झेरॉक्स आणि कडेवर लेकरू, असे दृश्य इथल्या रस्त्यावर नेहमीचे. रिक्षावाल्याला त्यांनी पत्तासुद्धा सांगावा लागत नाही. मात्र या कारागृहात फाशीची सोय नाही. महाराष्ट्रात ती येरवडा आणि नागपूर या दोनच ठिकाणी आहे. त्यामुळे तुरुंग शेजारी असला तरी फाशी ही आमच्यासाठी टीव्हीवरची गोष्ट होती.

२१ जुलै २०२५ ला ती जवळ आली. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातील बाराही जणांना निर्दोष ठरवले. २००६ च्या त्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले होते. १८९ माणसे गेली, आठशेहून अधिक जखमी झाली. ३० सप्टेंबर २०१५ रोजी विशेष मोक्का न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. तेरावे आरोपी वाहिद शेख, पेशाने शिक्षक, नऊ वर्षे तुरुंगात काढून तेव्हाच निर्दोष सुटले होते. त्यांनी पुढे ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिले. उरलेल्या बारांबाबत उच्च न्यायालय म्हणाले की सरकार पक्ष आरोप सिद्ध करण्यात पूर्णपणे अपयशी ठरला. साक्षी, ओळख परेड, कबुलीजबाब, यांपैकी काहीच विश्वासाला पात्र ठरले नाही.

राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही.

फाशी सुनावलेल्या पाचांपैकी कमाल अन्सारी मात्र हा निकाल ऐकायला नव्हता. २०२१ मध्ये करोनाने नागपूरच्या तुरुंगातच त्याचा इंतकाल झाला. फासाची सावली डोक्यावर असतानाच तो गेला, आणि गेल्यावर चार वर्षांनी निर्दोष ठरला.

त्या आठवड्यात जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर हाच विषय होता. आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग चपला शोधता शोधता म्हणाले, “उमर तो गई बेटा. लेकिन जान बची थी, इसलिए घर तो आए.” मला वाटते, फाशीच्या शिक्षेवरचा सगळा वाद या एका वाक्यात आला. एकोणीस वर्षे कुणी परत देत नाही. तरी तुरुंगातून माणूस घरी येऊ शकतो. फासावरून कुणी येत नाही.

हे दुखणे केवळ आपल्या समाजाचे आहे असे समजण्याचे कारण नाही. नाशिकच्या एका खटल्यातले सहा जण आठवा. भटक्या जमातीतले, गरीब, कुणाचा आधार नसलेले. २००३ मधल्या दरोडा आणि खुनांच्या गुन्ह्यात सत्र न्यायालयाने त्या सर्वांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष म्हणून सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षे गेली होती. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता! देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाची खात्री दहा वर्षांत उलटी होऊ शकते, तर खात्री या शब्दावर माणसाचा जीव टांगावा का?

आता दुसरी बाजू पाहू. काही लोक म्हणतात, फाशी राहू द्या, पण ती माणुसकीने द्या. आपल्या कायद्यात गळफास हीच पद्धत आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही तीच आहे. १९८३ मध्ये ‘दीना’ खटल्यात या पद्धतीला आव्हान दिले गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितले की गळफास ही झटपट, सोपी आणि अनावश्यक यातना न देणारी पद्धत आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये येरवड्यात जोशी-अभ्यंकर खून खटल्यातले चौघे फासावर गेले. त्यांत मुनव्वर शाह हा आपल्यातलाच तरुण होता. त्याने तुरुंगात आत्मकथन लिहिले आणि त्याच्या नावातच गुन्हा कबूल केला. पुढे २००३ मध्ये विधी आयोगाने आपल्या १८७ व्या अहवालात प्राणघातक इंजेक्शनचा पर्याय सुचवला. २०१७ मध्ये गळफासाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात पुन्हा याचिका आली.

तुरुंगाच्या नियमावल्या वाचल्या की अंगावर काटा येतो. कैद्याचे वजन करायचे. वजनावरून दोर किती लांब सोडायचा ते ठरवायचे, हलक्या माणसाला जास्त, जड माणसाला कमी. आदल्या दिवशी वाळूचे पोते टांगून दोराची परीक्षा घ्यायची. सगळे हिशेबात बसले तर मानेचा मणका निखळतो आणि शुद्ध तत्काळ जाते. हिशेब चुकला तर माणूस गुदमरत राहतो. परदेशात काय निराळे आहे? फ्रान्सने १७९२ मध्ये गिलोटिन आणले तेही दयेच्या नावाने. न्यूयॉर्कने १८९० मध्ये विजेची खुर्ची आणली, सुधारणा म्हणून. मग इंजेक्शन आले, आणि २०१४ मध्ये ओक्लाहोमात एक कैदी त्रेचाळीस मिनिटे मरत राहिला. जानेवारी २०२४ मध्ये अलाबामाने नायट्रोजन वायू वापरला. दर पिढीला मागच्या पिढीची पद्धत रानटी वाटते आणि आपली सभ्य. मला तर वाटते, ही सगळी धडपड मरणाऱ्यासाठी नसून मारणाऱ्याला रात्री झोप यावी म्हणून आहे.

इथे मला रायगडातल्या आमच्या गावची बकरी ईद आठवते. आजोबांचा कुर्बानीचा शिरस्ता कडक. सुरी मागच्या पडवीत पाजळायची, जनावराच्या डोळ्यांसमोर नाही. आधी पाणी पाजायचे. एकासमोर दुसरे कापायचे नाही. कुणी पोराने बकऱ्याला ओढत आणले तर आजोबा गरजत, “अरे, त्याला मरायचंच आहे, पण तू त्याला आधीच कशाला मारतोस?” यामागे हदीस आहे हे पुढे कळले. सहीह मुस्लिममध्ये ती आहे. अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे भलेपणा, सांगितला आहे. जीव घेण्याची वेळ आली तरी तो नीट घ्यावा, सुरीला धार असावी, जनावराला आराम द्यावा, असा तिचा आशय आहे.

ही हदीस सांगून कुणी म्हणेल, मग माणुसकीने फाशी द्यायला इस्लामचीही हरकत नाही. पण आजोबांच्या नियमांचा गाभा काय होता? जनावराला मरण आधी दिसू नये. माणसाच्या बाबतीत हे शक्यच नाही. शिक्षा ज्या दिवशी सुनावली त्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांसमोर सुरी पाजळली जाते. फाशी यार्डात वर्षामागून वर्षे जातात. अपील, पुनर्विचार, दयेचा अर्ज, नकार, पुन्हा अर्ज. दर पहाटे बुटांचा आवाज आला की हे आपल्यासाठीच आले का, असे वाटत असणार. २१ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की दयेच्या अर्जावर अवाजवी विलंब हीसुद्धा यातना आहे, आणि त्या कारणाने फाशी जन्मठेपेत बदलता येते. मग दोर मऊ असो की सुई बारीक, मरणापूर्वीची ही दहा वर्षे कोणत्या माणुसकीत बसवायची?

आमच्या मशिदीतल्या छोट्या वाचनालयात एका तरुणाने मला सरळ विचारले, “तुम्ही फाशीच्या विरोधात बोलता, मग कुरआनमधल्या किसासचं काय?” प्रश्न रास्त आहे. किसास कुरआनमध्ये आहे हे मी नाकारत नाही. पण सूरह बकराच्या ज्या आयतीत तो आहे, त्याच आयतीत माफीही आहे, आणि तिथे माफ करणाऱ्याला खुन्याचा भाऊ म्हटले आहे. सूरह माइदामध्ये बदला सोडून देणे हा स्वतःच्या गुनाहांचा कफ्फारा सांगितला आहे. म्हणजे दार दोन बाजूंनी उघडे आहे, आणि त्याची किल्ली वारसाच्या हाती आहे. आपल्या देशातल्या फाशीत वारसाला माफ करण्याचा हक्कच नाही. तिथे वादी सरकार, मारणारे सरकार, माफ करणारेही सरकार. याला किसास कसे म्हणायचे? शिवाय फिक्हमध्ये नियम आहे की शंका असेल तिथे हद्द टाळावी. काझीने माफ करण्यात चुकावे, सजा देण्यात चुकू नये. संशयाचा फायदा हा शब्द वकिलांनी आपल्याला शिकवायच्या कितीतरी आधी तो आपल्या घरात होता. दुष्काळाच्या वर्षी हजरत उमर यांनी चोरीची हद्द थांबवली होती, हे आपण अभिमानाने सांगतो. ज्या समाजात गरिबाला धड वकील मिळत नाही, तोही एक दुष्काळच नाही का?

खरी कसोटी निर्दोषांची नाही, गुन्हेगारांची आहे. निर्दोषाला फाशी नको, हे कुणीही म्हणेल. २००८ च्या नोव्हेंबरमधल्या हल्ल्यानंतर मुंबईच्या मुस्लिमांनी मेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात जागा नाकारली. तो नकार योग्य होता. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी कसाबला येरवड्यात फाशी दिली, तेव्हा आपल्यापैकी कुणी अश्रू ढाळले नाहीत. ३० जुलै २०१५ रोजी याकूब मेमनला नागपुरात फाशी झाली. त्या रात्री तीन वाजता सर्वोच्च न्यायालय उघडले, पहाटे अर्ज फेटाळला आणि सकाळी सातच्या सुमारास सगळे संपले. त्या वेळी मात्र आपल्यातले अनेक जण अस्वस्थ होते. याउलट खैरलांजीनंतर आणि दिल्लीच्या निर्भयानंतर फाशीची मागणी करणाऱ्या मोर्च्यांत आपणही होतो. आपले कोण आणि परके कोण हे पाहून माणुसकी मागायची असेल तर ती मागूच नये. मुनव्वर शाहसाठी, याकूबसाठी आणि खैरलांजीच्या आरोपींसाठी तत्त्व एकच असायला हवे. गुन्हेगाराला आयुष्यभर कोंडा, त्याच्याकडून आयुष्यभर हिशेब घ्या, पण जीव घेण्याचा अधिकार माणसाच्या हाती ठेवू नका.

न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये २६२ वा अहवाल दिला. फाशी रद्द करा, असे आयोगाने सांगितले, फक्त दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध एवढे गुन्हे वगळून. बरोबर पुढच्याच महिन्यात लोकल स्फोट खटल्यातल्या पाच फाशी आल्या, त्याच वगळलेल्या रकान्यात. या रकान्यातच पोलिसांवर सर्वांत जास्त दबाव असतो, लोकांचा राग सर्वांत मोठा असतो, आणि एखाद्या नावावर संशय सर्वांत लवकर बसतो. म्हणजे जिथे चूक होण्याची भीती सर्वांत जास्त, तिथेच चूक दुरुस्त करण्याची वाट आपण बंद ठेवली आहे.

आणि त्या १८९ घरांचे काय? ते लोक रोजीरोटीसाठी लोकलने निघाले होते, घरी पोचले नाहीत. पाच माणसे फासावर गेली असती तर त्या घरांना सांगितले गेले असते की इन्साफ झाला, आता शांत व्हा. आज निदान त्यांना एवढे विचारता येते, आमच्या माणसांना मारले कुणी? हा प्रश्न त्यांच्याबरोबर आपणही विचारला पाहिजे, तितक्याच मोठ्या आवाजात.