खामगाव हेडक्वार्टर

चि. निनाद,


अकोला शहर सीनिअरकडे गेलं आणि तुझ्या वाट्याला खामगाव, बुलडाणा, चिखली, मेहकर आलं, म्हणून तू खट्टू आहेस असं ताई म्हणाली. एम.आर.ची, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हची, टेरिटरी म्हणजे डॉक्टरांची यादी, दोन-तीन स्टॉकिस्ट आणि महिन्याचं टार्गेट. ती आखणारा मॅनेजर मुंबईत बसतो आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा आखतो.

पण याच मुलखात आणखी एकाने आपली हद्द शोधली होती.

जून 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर वाघ बाहेर पडला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याचा माग राहिला. तेलंगणात शिरला, परत फिरला, शेतं, नाले, महामार्ग ओलांडत डिसेंबरात तुझ्या बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथली भटकंती धरून नऊ महिन्यांत सुमारे 3,000 किलोमीटर चालला. ‘वॉकर’ हे नाव त्यावरून सार्थच.

वयात आलेल्या नराला आईच्या क्षेत्रात थारा नसतो. जिथे जाईल तिथे आधीचा नर झाडांवर मूत्राचे फवारे मारून, नखांनी साल ओरबाडून हक्क सांगत असतो. ही खूण सतत ताजी ठेवावी लागते. वास विरला की दुसरा घुसतो. ज्ञानगंगेत वॉकरला 205 चौरस किलोमीटरचं जंगल मिळालं, नीलगायी आणि रानडुकरं मिळाली, भांडायला दुसरा नर नव्हता. वाघीणही नव्हती. नराचं क्षेत्र एरवी दोन-तीन माद्यांच्या क्षेत्रांवर पसरलेलं असतं. त्या हिशेबाने ही जहागीर अर्धीच.

सरकारी टेरिटरीची तऱ्हा तिसरी. तुझी आजी म्हापशाची, म्हणून गोव्याचंच सांगतो. संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात भारताच्या भूमीचे तीन प्रकार आहेत: राज्यं, केंद्रशासित प्रदेश आणि पुढे संपादित होईल तो मुलूख. डिसेंबर 1961 मध्ये पोर्तुगीज गेले आणि गोवा तिसऱ्या प्रकारात आला. 1962 च्या बाराव्या घटनादुरुस्तीने तो दमण-दीवसह केंद्रशासित झाला. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांना महाराष्ट्रात विलीनीकरण हवं होतं. 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, केंद्रशासित राहण्याचं दोन पानं. दोन पानं 34,021 मतांनी जिंकली. वेगळ्या राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. त्यासाठी 30 मे 1987 पर्यंत थांबावं लागलं.

तरी आत राहणाऱ्यांना कुणी विचारलं, असं या तिघांत गोव्यातच घडलं. तुला कुणी विचारलेलं नाही. तेव्हा एप्रिलची वाट पाहू नकोस. कुठला डॉक्टर किती लांब, किती कॉल होतात, कुठल्या गावाला एसटी नाही, हे मॅनेजरला आत्ताच लेखी कळव. खामगाव-बुलडाणा करताना बोथ्याचा घाट उजेड असतानाच पार कर. तो रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो.

तुझा,
मामा