रविवारची वही

जळगाव,
रविवार, रात्री साडेनऊ

चि. भैया,

मघाशी फोनवर तू विचारलंस, "काका, मी बोलत असतो तेव्हा तुम्ही खाली मान घालून काय लिहीत असता? दुधाचा हिशेब?" मी हसून वेळ मारून नेली. पण तुझं विचारणं रास्त होतं. तिकडे टोरांटोत तू सकाळचा चहा घेऊन बसायचं आणि इकडून काकाचं नुसतं टक्कल बघायचं, हे काही बरं नाही. तर ऐक. ती शंभर पानी वही आहे आणि तिच्यात तूच आहेस.

एक पान उतरवून देतो. "भैयाने भरीत केलं. वांगं ओव्हनमध्ये भाजलं. काड्यांवर भाजल्याचा वास नाही, म्हणून अर्धं तसंच राहिलं. वरच्या मजल्यावरची आजीबाई बर्फात घसरली, हात मोडला." पुढच्या रविवारी मी त्या आजीबाईच्या हाताची चौकशी केली, तेव्हा तू क्षणभर गप्पच झाला होतास. मला ते वही न उघडता आठवलं होतं.

ही खोड कशी लागली ते तुमच्या धुळ्यापासून सांगतो. तिथल्या तुरुंगाच्या भिंतीजवळून तू लहानपणी कितीदा गेला असशील. १९३२ साली विनोबा त्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी ते सोबतच्या कैद्यांना गीतेचा एकेक अध्याय उलगडून सांगत. अठरा अध्याय, अठरा रविवार. १९ जूनला सांगून संपलं. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते आणि ऐकता ऐकता ते लिहून घेत होते. आपल्या कपाटात ‘गीता प्रवचने’ आहे ना, ते हेच. पुढे ते कितीतरी भाषांत गेलं. बोलणारे थोर होतेच, पण लिहून घेणारा नसता तर ते बोलणं त्या भिंतींच्या आतच विरलं असतं.

गुरुजींना ते साधलं याचं मला नवल वाटत नाही. त्याआधी १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृहही बघत. मुलांच्या कंदिलाच्या काचा पुसत, विस्कटलेली अंथरुणं आवरत, त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढत. कुठल्या पोराच्या कंदिलाची काच काळी झालीय हे ज्याला दिसतं, त्याच्या कानातून समोरच्याचं वाक्य कसं निसटेल?

दुसरी गोष्ट इथली, जळगावची. बहिणाबाई १८८० साली आसोद्यात जन्मल्या आणि जळगावात चौधऱ्यांच्या घरी नांदल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर काम करता करता गाणी सुचायची. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पीतांबर यांनी त्यातली काही उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या, मग सोपानदेवांनी त्या गाण्यांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण जी गाणी म्हणताना जवळ कोणी नव्हतं, ती पिठाबरोबरच गेली.

आता माझी गोष्ट, आणि ती अभिमानाची नाही. तुझ्या आजीला आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी यायची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली की रात्रभर बायकांचा आवाज घुमायचा, पहिली ओळ आजीची असायची. मी तेव्हा ओट्यावर पत्ते कुटत असे. शेवटच्या वर्षांत ती दुपारची गुणगुणायची, मी समोर मोबाइल घेऊन "हं, हं" करायचो. एकदा म्हणाली, "तू हूं हूं करस, पन आयकस नही." मी त्यालाही "हं" म्हणालो.

ती गेल्यानंतरच्या श्रावणात कानबाई बसली. बायका जमल्या आणि पहिलं गाणं कोणी उचलायचं म्हणून एकमेकींकडे बघत राहिल्या. मला चाल आठवत होती, शब्द एकही नाही. जन्म तिच्या घरात काढून! शेवटी तुझ्या आईने सुरुवात केली. सून म्हणून आली तेव्हापासून ती कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचं पीठ मळताना सासूजवळ बसायची, तिथे तिने ही गाणी उचलली होती. आजीच्या पोटच्या पोराला मात्र काही येत नव्हतं.

त्यानंतर मी वही आणली. लिहिलं की लक्षात राहतं, असा हिशेब होता. खरा फायदा वेगळाच निघाला. हातात पेन असलं की हात मोबाइलकडे जात नाही. आणि लिहून घ्यायचं म्हटलं की समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबावं लागतं, मध्येच आपलं पुराण लावता येत नाही. तुझी काकू म्हणते, लग्नानंतर पस्तीस वर्षांनी या माणसाची बडबड थांबली. तेव्हा मान खाली असली तरी कान तुझ्याकडेच असतात, एवढं समजून घे.

रोटासाठी गहू घेताना आपल्या घरी प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात, तुला ठाऊक आहे. तू तिकडे गेल्यापासून तुझी सव्वा मूठ एकदाही चुकलेली नाही. पण मुठीने नाव तेवढं मोजलं जातं. माणसाचं काय चाललंय ते कळायला त्याच्याजवळ बसावं लागतं.

म्हणून एक काम सांगतो. आजीची दोन-तीन गाणी आता फक्त तुझ्या आईजवळ आहेत. मी विचारलं की "दिरासमोर काय गायचं?" म्हणत ती हसून उठून जाते. तुला नाही म्हणायची नाही. पुढच्या रविवारी मला फोन करू नकोस, धुळ्याला आईला कर. वही-पेन घेऊन बस, आणि ती गाणं सोडून गुडघ्याचं दुखणं सांगत बसली तर तेही लिहून घे. एका बैठकीत होणार नाही. विनोबांना अठरा रविवार लागले होते.

तुझा,
काका